आधी जमीन, मग बुट्टा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्ष झालं तुम्ही फोटो काढताय. रेषा, आकार, घनता, पोत, छटा, रंग, अवकाश ही सगळी नावं पाठ आहेत. एक-तृतीयांशाचा नियम (चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय मध्याऐवजी त्या रेघांवर ठेवायचा) माहीत आहे. तरी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, काढलेले फोटो नुसती गर्दी वाटतात. यातला कोणता घटक आधी शिकायचा, आणि ७०-२०० मिलिमीटरची, दूरचं जवळ आणणारी लेन्स घेतली तर फरक पडेल का? सोबत तीन फोटो दिलेत: नंदीध्वजांची (यात्रेत माणसं पेलून नेतात त्या उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक, संध्याकाळी तळ्यात पडलेलं सिद्धेश्वर मंदिराचं प्रतिबिंब, आणि दारात विड्या वळत बसलेली तुमची आजी.

तिन्ही फोटो मी मोठ्या पडद्यावर नीट पाहिले. उत्तर आधीच सांगून टाकतो: छटा शिका. छटा म्हणजे काळोख आणि उजेड यांच्यामधल्या पायऱ्या. बाकीचे घटक तिच्या जोरावर दिसतात. रेषा दिसते, कारण तिच्या दोन्ही बाजूंची छटा वेगळी असते. आकार दिसतो, कारण तो मागच्यापेक्षा गडद किंवा फिका असतो. पोत म्हणजे तर बारीक उजेड-सावल्यांची दाटी. लेन्सचं शेवटी बोलू.

मी सोलापुरात पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. घरात माग होता. फोटोतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला कॅमेरा हातात यायच्या आधी मागावर दिसली होती, पण तिचा फोटोशी संबंध आहे हे कळायला बरीच वर्षं गेली. घरातली एखादी जुनी, दुहेरी विणीची जॅकार्ड चादर काढा. तिच्यावर मोर असेल, फूल असेल, काहीही असेल. विणकर नक्षीला बुट्टा म्हणतात आणि तिच्या मागच्या मोकळ्या कापडाला जमीन. समजा एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर आहे. चादर उलटी करा. आता जमीन पांढरी आणि मोर तांबडा. मोराचा आकार तोच, धागे तेच. पण एका बाजूला मोर उजळून पुढं येतो आणि दुसऱ्या बाजूला सावलीसारखा बसतो. मोराचं रूप ठरवण्यात जमिनीचा वाटा निम्मा आहे. विणतानाही दोन्ही एकत्रच विणावं लागतं. आधी मोर विणून घेतला आणि नंतर भोवतीची जमीन भरली, असं मागावर होत नाही. फोटोतही शटर दाबलं की दोन्ही एकदमच येतं. नवीन माणूस मात्र त्या वेळी फक्त मोराकडे पाहत असतो.

आता त्याच चादरीचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. पांढरा मोर तसाच ठसठशीत राहील. मग दुसरी एखादी चादर घ्या, जिच्यावर तांबडं आणि हिरवं शेजारी शेजारी आहे आणि दोन्ही सारखंच गडद आहे. कृष्णधवल करताच नक्षी जवळजवळ विरून जाते. तिथं डोळ्याला रंगातला फरक दिसत होता, छटेत फरक नव्हताच. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. तो खरंच करा, कारण नुसतं वाचून हे अंगात उतरत नाही.

ज्यांच्याकडे मी काम शिकलो, त्यांच्या स्टुडिओत फार जुने, काचेच्या प्लेटांवरून केलेले प्रिंट होते. त्यांत बायकांचं कुंकू काळंकुट्ट दिसायचं. सुरुवातीला मला वाटलं, त्या काळी काळंच कुंकू लावत असतील. उस्तादांनी समजावलं की तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला निळा आणि हिरवा प्रकाश कळायचा, तांबडा कळायचाच नाही. म्हणून तांबडं सगळं काळं, आणि निळं आभाळ कोरं पांढरं. कुठला रंग किती गडद उतरणार हे त्या काळी प्लेट ठरवायची. आज कृष्णधवल करताना तांबड्याची, हिरव्याची, निळ्याची पट्टी मागंपुढं सरकवून ते तुम्ही ठरवू शकता. तुमच्याच एखाद्या फोटोवर करून पाहा. कुंकू काळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत कुठंही नेता येतं, हे पाहिलं की छटा काय चीज आहे ते कळतं.

आता नंदीध्वजांचा फोटो. भर दुपारचा आहे. बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, घातलेले शेकडो लोक, सगळे पांढरे. वर जानेवारीचं फिकट आभाळ, तेही जवळजवळ पांढरं. मध्ये काठ्या, आणि त्यांच्या मागं विजेच्या तारा, एक फ्लेक्स, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. नंदीध्वज सात आहेत. तुमच्या फोटोत मला चार सापडले, तेही शोधल्यावर.

यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली एक्सपोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्याची. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते माहीत नसतं. जे दिसेल ते सरासरी करड्या छटेवर आणून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ही करडी छटा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. चौकटभर पांढरं दिसलं की मीटरला वाटतं उजेड जास्त झाला, आणि ते फोटो गडद करतं. म्हणून तुमच्या बाराबंद्या मळकट आल्या. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या दोन अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास काळ्याभोरपासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत छटांच्या ११ पायऱ्या मांडल्या, शून्य ते दहा. मधली पाचवी म्हणजे मीटरची करडी. ज्याच्या चुण्या आणि वीण दिसायला हवी असं पांढरं कापड सातव्या पायरीवर बसतं. दर पायरीला एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे स्पॉट मीटर (एवढ्याशा ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) बाराबंदीवर धरलं असेल तर दोन स्टॉप वाढवा. पूर्ण चौकटीचं मीटर असेल तर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप पुरतो, कारण चेहरे आणि रस्ता यांनी सरासरी आधीच खाली आणलेली असते. मोबाइलवर कापडावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह हलकेच वर सरकवा. त्याच्या पुढं गेलात तर पांढरं जळतं, आणि जळलेल्या पांढऱ्यातल्या चुण्या नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाहीत.

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती मोठी आहे. एक्सपोजर कितीही नेमकं साधलं तरी पांढऱ्यावर पांढरं ते पांढरंच. आपल्याकडं अंगण आधी सारवतात आणि मग रांगोळी टाकतात. रांगोळीचं पीठ उठून दिसतं ते त्या ओल्या गडद सारवणामुळे. मिरवणुकीत तुम्हाला सारवता येत नाही, पण सारवलेलं अंगण शोधता येतं.

ते कसं शोधायचं? सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. संक्रांतीच्या दिवसांत इथं भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिण बाजूच्या घरांची रस्त्याकडची तोंडं बारा वाजताही सावलीत असतात, आणि रस्ता पुरेसा रुंद असेल तर मधोमध ऊन असतं. तुम्ही उत्तरेकडच्या ओट्यावर उभं राहून दक्षिणेकडं पाहा. मागं सावलीतल्या भिंतींची गडद जमीन. पुढं उन्हात चालणारी माणसं, आणि ऊन त्यांच्या पाठीमागून येत असल्यामुळे खांद्यांवर, पटक्यांवर, काठीच्या एका कडेवर उजेडाची बारीक किनार. बाराबंदी आपोआप जमिनीपासून सुटते. त्याच रस्त्यावर समोरच्या ओट्यावर उभं राहिलात तर मागच्या भिंती उन्हानं उजळलेल्या असतील आणि तुमचा पहिलाच फोटो पुन्हा मिळेल. फरक दहा-बारा पावलांचा आहे. (मे महिन्यात ही युक्ती उपयोगाची नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि टाळूवर ऊन.)

जमीन मिळाली की मग रेषांकडं पाहा. नंदीध्वजाच्या काठ्या म्हणजे या शहरातल्या सगळ्यात देखण्या उभ्या रेषा. त्या सारख्या अंतरावर आल्या की कुंपण दिसतं. दोन जवळ, एक लांब, पुन्हा दोन जवळ, अशा आल्या की ताल येतो. काठी पेलणारा माणूस जरा वाकतो आणि काठी कलते, तो क्षण सोडू नका. डोळ्याला माहीत असतं की ही सरळ उभी राहायला हवी, म्हणून कललेल्या रेषेत जोर जाणवतो. तुमच्या फोटोत एकाही काठीचं टोक नाही, सगळी वरून कापली गेली आहेत. गर्दीतले पन्नास चेहरे टोकाकडं पाहतायत. त्या पन्नास नजरा म्हणजे पन्नास रेषाच आहेत, आणि त्या जिथं पोचायच्या ती जागाच चौकटीत नाही. कॅमेरा उभा धरा. खाली पायांचा भाग गेला तरी चालेल.

संमती कट्ट्याजवळ, यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या जागी, अक्षता पडतात तेव्हाचंही एक सांगतो. १/१००० सेकंदाच्या शटरला तांदळाचा दाणा हवेत गोठतो, तो बिंदू होतो. १/६० ला तोच दाणा बोटाएवढी रेघ होतो. एकाच दाण्याचा बिंदू करायचा की रेषा, हे शटर ठरवतं. मला स्वतःला रेघा आवडतात, त्यात अक्षता पडताना दिसतात. पण दोन्हीसाठी मागं काहीतरी गडद लागतं. आभाळाकडं रोखलेल्या कॅमेऱ्यात तांदूळ दिसणारच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, त्या धक्काबुक्कीत छटा, जमीन, रेषा एवढं सगळं बघायचं कधी? सवय लागली की क्षणात दिसतं, आणि सवय लावायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक तुम्हाला बहुधा शाळेतच सांगितली असेल. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्थिरचित्र असतं: तांब्या, दोन कांदे, मागं दुमडून टाकलेलं कापड. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, डोळे किलकिले करून पाहा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे जातात आणि तीन-चार मोठे गडद-फिके डाग उरतात. ते डाग नीट बसले असतील तर चित्र उभं राहतं. मी आजही शटर दाबण्याआधी डोळे किलकिले करतो. मोबाइलवर हेच दुसऱ्या रीतीनं करा: काढलेला फोटो बोटाच्या नखाएवढा लहान करून पाहा. त्या आकारात काय आहे ते कळलं, तर छटा बरोबर बसली.

दुसरी रीत मला उस्तादांकडून मिळाली. त्यांच्याकडं दोन भिंगांचा, वरून पाहायचा कॅमेरा होता. चौकोनी चौकट, १२० ची फिल्म, रोलमध्ये फक्त १२ फोटो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली मान घालून दुधी काचेवर पाहायचं. त्या काचेवर डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. माणूस डावीकडं चालला की काचेवर तो उजवीकडं जातो, आणि त्याच्या मागं कॅमेरा वळवायला गेलं की तो आणखीच निसटतो. पहिला महिना मी रडकुंडीला आलो होतो. पण त्या उलट चित्रात ‘हा आमचा शेजारी’, ‘ही त्याची सायकल’ असं दिसेनासं झालं आणि एक लांबट गडद आकार, दोन वर्तुळं, एक तिरपी रेघ असं दिसायला लागलं. नाव गळून पडलं की आकार दिसतो. तुम्हाला तो कॅमेरा शोधत हिंडायची गरज नाही. मोबाइल उलटा धरून फोटो डोक्यावर उभा करून पाहा. तोल कुठं ढळतोय ते उलट्या फोटोत पटकन समजतं.

आजीचा फोटो. तिन्हींपैकी यात सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

आजी उंबऱ्यापाशी बसली आहे, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. तोंड गल्लीकडे. तुम्ही गल्लीत उभं राहून, वरून, हातभर अंतरावरून फोटो काढलाय. उजेड तुमच्या पाठीमागून येतोय आणि सरळ तिच्या चेहऱ्यावर पडतोय. त्यामुळे चेहऱ्याचा आकार मिळाला, घनता मिळाली नाही. या दोन शब्दांत लोकांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. लाटलेली पुरी आणि तळून टम्म फुगलेली पुरी, दोन्ही वरून पाहिल्या तर वर्तुळच. फुगलेलीचा फुगीरपणा तेव्हाच दिसतो, जेव्हा उजेड एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूला सावली हळूहळू उतरत जाते. ती उतरण म्हणजे घनता. सपाट समोरच्या उजेडात उतरणच नसते. मोबाइलच्या फ्लॅशनं तर हमखास जाते.

पुढच्या वेळी असं करा. आजीला जागेवरून हलवू नका, ती रोज बसते तिथंच बसू द्या. तुम्ही घरात या आणि दाराच्या कडेच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. आता दारातला उजेड तुमच्या दृष्टीनं एका बाजूनं येतो. गल्ली अरुंद असेल आणि थेट ऊन येत नसेल तर हा उजेड फार मऊ असतो. गालाचं हाड, नाकाची धार, मानेवरच्या सुरकुत्या, सगळं हळूहळू उजेडातून अंधारात जाईल. तिच्या मागची घरातली भिंत दारापासून जितकी लांब, तितकी काळी पडेल, कारण उजेड दारापासून आत जाताना झपाट्यानं कमी होतो. घ्या, जमीन तयार. आता चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट टेकवून एक्सपोजर थोडं खाली आणा. मोबाइलला अंधार आवडत नाही, तो मागची भिंत ओढून उजळ करायला जातो. ते होऊ देऊ नका.

अंतराचं फार महत्त्व आहे. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४-२६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे रुंद असते. चौकट भरायला तुम्ही जवळ गेलात, आणि हातभर अंतरावर नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ येतं. म्हणून नाक मोठं आणि कान मागं पळालेले. वरून काढल्यामुळे डोकं मोठं आणि हात छोटे झाले, आणि या फोटोत हात तर मुख्य आहेत. दीड-दोन मीटर मागं सरका आणि दुप्पट झूम वापरा. लक्षात घ्या, चेहऱ्याचं प्रमाण अंतरामुळे सुधारतं. झूमनं फक्त चौकट आवळली जाते.

पोतासाठी हातांकडं चला. पत्र्याच्या मापानं कापलेलं तेंदूचं पान, त्याच्या शिरा, आजीच्या अंगठ्याचं झिजलेलं नख, बोटाला गुंडाळलेला दोरा. पोत टिपायला उजेड पृष्ठभागाला घासून जायला हवा, अगदी तिरपा. याच कारणानं भुईकोट किल्ल्याची भिंत दुपारी सपाट काळी दिसते आणि तिरप्या उन्हात तिच्यावरचा छिन्नीचा एकेक घाव मोजता येतो. हाताच्या फोटोत कॅमेरा दाराच्या आणखी समोर, म्हणजे घरात खोलवर न्या, जेणेकरून उजेड पानावरून सरपटत तुमच्याकडं येईल. एक पान कॅमेऱ्याकडं जरा कलतं झालं की शिरा उजळतात. दहा-वीस फोटो काढा, आजी वळत राहील, पान फिरत राहील, एकात ते बरोबर येईल.

तिच्या शेजारी बांधलेल्या विड्यांची बंडलं रचली आहेत. त्यांची तोंडं म्हणजे सारखी छोटी वर्तुळं, ओळीनं. हा आकृतिबंध. पण नुसता आकृतिबंध चादरीवर छान, फोटोत थोड्याच वेळात कंटाळवाणा होतो. तो मोडणारी एक गोष्ट हवी. आजीचा हात नवं बंडल ठेवायला तिथं येतो त्या क्षणाची वाट पाहा. किंवा एक बंडल उचलल्यानं पडलेली काळी फट. डोळा तिथंच जाऊन थांबेल.

आणि काठ. साडी घेताना बाई आधी काठ-पदर पाहते, अंग नंतर. फोटोचे चार काठ मात्र कुणी पाहत नाही. तुमच्या फोटोत उजव्या काठाला अर्धी निळी प्लास्टिकची बादली आहे आणि वर डावीकडं चार्जरची वायर लोंबतेय. सगळा फोटो तपकिरी, त्यात तो एकच निळा तुकडा. मी फोटो उघडला तेव्हा माझी नजर आधी बादलीवर गेली, आजीवर नंतर. असाच एक अनुभव माझा आहे. एका लग्नात मी वधूचा फार सुंदर भाव पकडला होता. प्रिंट हातात आल्यावर पाहिलं, तर मंडपाचा खांब तिच्या डोक्यातून उगवलेला. खांब तिथं होताच, माझ्या डोळ्यांनी तो वगळून टाकला होता. आपला डोळा हवं ते पाहतो, लेन्स सगळं पाहते. त्या आठवड्यापासून शटर दाबण्याआधी चारही काठांवरून नजर फिरवायची सवय लावून घेतली. त्याला एका श्वासाएवढा वेळ लागतो. काठावर येणारी वस्तू पूर्ण आत घ्या किंवा पूर्ण बाहेर ठेवा, आणि माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नका: मनगट, गुडघा, घोटा.

तळ्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो चांगला आहे, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. एक-तृतीयांशाचा नियम पाळायचा म्हणून तुम्ही पाण्याची रेघ वर सरकवलीत आणि कळसाचं टोक चौकटीला चिकटलं. इथं रेघ मधोमध चालली असती. वर मंदिर, खाली मंदिर, दोन्हींचं वजन सारखं, तर मध्यभागच योग्य. हा नियम फोटोग्राफीहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंबंधी लिहिताना तो मांडला, पहिला टिकून राहिलेला फोटो निघायच्या जवळपास तीस वर्षं आधी. नवशिक्याला तो मध्यातून बाहेर काढतो, एवढा त्याचा उपयोग. मोबाइलवरच्या जाळीच्या रेघा मी क्षितिज सरळ ठेवायला वापरतो, विषय कुठं ठेवायचा ते ठरवायला नाही. वेळेचं एक सांगतो: सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि मंदिराचे पिवळे दिवे त्याच्या तोडीस तोड येतात. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झटपट सरतो, हाती सात-आठ मिनिटंच असतात. तुम्ही आधीच पोचून ट्रायपॉड लावलेला असायला हवा.

रंगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपलं शहर रंगांनी भरलेलं आहे, म्हणून रंग कमी करायला शिका. फोटोत मोठे रंग तीनच्या वर गेले की मी तरी जागा बदलतो. त्यातही क्षेत्रफळाचं भान ठेवा. तांबडा आणि भगवा थोडा असला तरी पुढं येतो, निळा आणि करडा भरपूर असला तरी मागं राहतो. भगव्याचा एकच पट्टा करड्या दगडावर जे काम करतो, ते दहा पताका मिळून करत नाहीत.

अवकाश, म्हणजे रिकामी जागा, याची भीती घालवायला सोलापूरजवळच्या नान्नजला जा. १९७९ मध्ये माळढोकसाठी राखलेला तो माळ. तिथं गेलेला प्रत्येकजण काळवीट चौकटभर व्हावा म्हणून धडपडतो. एकदा उलट करून पाहा. काळवीट नखाएवढा, क्षितिजाच्या रेघेवर, आणि बाकी सगळं सुकलेलं गवत आणि आभाळ. काळविटाची पाठ गडद, गवत फिकं, त्यामुळे नखाएवढा असूनही तो पटकन सापडतो. तो ज्या दिशेला पाहतोय तिकडं जास्त जागा सोडा. आपल्या कोरडवाहू मुलखाचा विस्तार त्या रिकामेपणात दिसतो. काळविटाचं डोकं चौकटभर केलं तर तो फोटो कुठल्याही प्राणिसंग्रहालयातला वाटेल.

आता लेन्स. ७०-२०० नं फरक पडेल का? थोडा पडेल, खोटं सांगत नाही. लांब लेन्स मागच्या जमिनीचा अगदी लहान तुकडा घेते, त्यामुळे फ्लेक्स आणि तारा टाळून सावलीतली भिंत तेवढी निवडता येते. पण ती भिंत निवडायची आहे हे कळायला हवं, आणि ते लेन्स शिकवत नाही. तुमच्याकडं क्रॉप सेन्सरचा (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेला) कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स आहे. झूमची कडी ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. ते पूर्ण फ्रेमच्या पन्नास मिलिमीटरच्या जवळपास येतं. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा नामवंत फ्रेंच छायाचित्रकार तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडं चित्रकला शिकला, आणि पुढं आयुष्यभराचं बहुतेक काम त्यानं पन्नासच्या एकाच लेन्सवर केलं. तीन महिने त्या एका मापावर काढा. जवळ जायचं तर चालत जायचं, मागं यायचं तर चालत मागं यायचं. कंबर तलाव, मंगळवार पेठ, पार्क चौक, घरातली आजी. त्यानंतरही लांब लेन्स हवीशी वाटली तर विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं घेऊन पाहा.

आणि पुढच्या गड्ड्यासाठी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिरवणुकीच्या मार्गावरून एकदा चालत जा. कॅमेरा घरी ठेवा, वही घ्या. मिरवणूक ज्या वेळी जिथून जाते त्याच वेळी तिथं उभं राहा, डोळे किलकिले करा आणि लिहा: मागं काय आहे, गडद आहे की फिकं, ऊन कुठल्या खांद्यावर पडतं, उभं राहायला कुणाचा ओटा आहे. ओट्याच्या मालकाला तेव्हाच विचारून ठेवा, त्या दिवशी विचारायला सवड नसते. माझ्या वहीत अशा अकरा जागा होत्या. त्यातल्या चार गेल्या, कारण तिथल्या जुन्या काळ्या दगडी भिंती पाडून पांढऱ्या इमारती झाल्या. उरलेल्या सात जागांवर मी अजून जातो.